थंडी पडली की कासव खात नाही, हलत नाही: घरात काय काय तपासायचं, फुकटातलं आधी

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हाच घोटाळा आहे का ते लगेच कळेल. सकाळी नऊ-दहा वाजले तरी कासव कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेलं, हात लावला तर पाय आत घेतं पण अगदी सावकाश. दुपारी बारा-एकला जरा फिरतं, दोन पानं कुरतडतं, चार वाजले की परत तोच कोपरा. काल टाकलेला पाला आज तसाच सुकून पडलेला. रोज होणारी शी तीन-चार दिवसांआड. डोळे उघडे पण अर्धे. आणि सकाळी पाठीवर हात ठेवला तर चिऱ्याच्या भिंतीवर ठेवल्यासारखी गार लागते. हे नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतं, महाशिवरात्र झाली की आपोआप जातं, म्हणून घरोघरी लोक म्हणतात "ते थंडीत झोपतं हो."

दुसरी लक्षणं वेगळी. नाकाला बुडबुडे किंवा शेंबूड, तोंड उघडून मान लांब करून श्वास घेणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, पाय आत न ओढता ढिले लोंबणं. यातलं एक जरी दिसलं तरी मधलं सगळं सोडा आणि खाली डॉक्टरबद्दल लिहिलंय तिथे जा.

मी वायरमन आहे, दापोली तालुक्यातला. घरी सुलकाटा जातीचं जमिनीवरचं कासव आहे, ढब्बू. मुंबईच्या मावसबहिणीला फ्लॅटमध्ये जागा पुरेना म्हणून तिने दिला, तेव्हा हाताच्या पंजाएवढा होता, आज अकरा किलो भरतो. आठ हिवाळे काढलेत त्याच्यासोबत, आणि इथे पंचक्रोशीत नि खेड-चिपळूणकडे अजून पाच-सहा जणांकडची कासवं याच एका तक्रारीसाठी बघून आलोय. घर वेगळं, कासव वेगळं, दुखणं तेच. कासव झोपलेलं नसतं, गारठलेलं असतं, आणि घरातल्यांना ते कळत नाही कारण माणसं वावरतात ती हवा वेगळी आणि कासव बसतं ती जमीन वेगळी.

झोपेचं आधी मिटवूया. युरोपातल्या काही कासवांना खरोखर शीतनिद्रा असते, ती थंडीत महिनोन्महिने पडून राहतात. सुलकाटाला ती नसते. हे कासव सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यातलं, तिकडे ते जमिनीत खोल बीळ खणतं आणि वरती कितीही तापलं किंवा गार पडलं तरी आत बिळात हवा बऱ्यापैकी सारखी राहते. आपण त्याला लादीवर ठेवतो, तिथे बीळ नाही. कासवाचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, आणि खाल्लेलं पचवायलाही तीच ऊब लागते. चूल विझलेली असताना वर भात ठेवला तर शिजणार कसा? पोटात गेलेलं गवत तसंच पडून राहतं, आंबतं. म्हणून गारठलेल्या कासवाला जबरदस्तीने भरवू नका, हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो. एका घरी आजी मायेनं दूधभात चमच्याने भरवत होत्या, आणि ते कासव मग आणखी आठ दिवस शी न करता बसलं होतं.

अजून दोन गोष्टी सांगून पुढे जातो. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव, किंवा आपल्या विहिरीत-भातशेतीत सापडणारं कासव घरात असेल तर खालचं त्याच्यासाठी नाही. या कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पाळणं गुन्हा आहे, वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा आणि त्यांच्या ताब्यात द्या. सुलकाटासारख्या परदेशी जातीचीसुद्धा केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते, २०२४ पासून त्याचे वेगळे नियमच आलेत, केली नसेल तर करून घ्या, कारण डॉक्टरकडे न्यायची वेळ आली की कागद नाहीत म्हणून घाबरून लोक घरीच बसतात आणि जीव जातो. दुसरं म्हणजे कोकणात कासव म्हटलं की सगळ्यांना वेळास-आंजर्ल्याचं समुद्री कासव आठवतं, शेजारची माणसं सांगतात टबात पाणी भरून ठेव. सुलकाटाला पोहता येत नाही, खोल पाण्यात बुडून मरतं.

आता आपल्याकडे हे एवढं का होतं ते बघा. दिवसा आपल्याकडे थंडीतही तीस-बत्तीस अंश होतं, अंगात बनियन घालून बसावं असं ऊन. आंबेवाले खुश असतात कारण रात्रीच्या थंडीने मोहोर फुटतो. पण तीच रात्र कासवाला बाधते. पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, कोरडा आणि गार. दापोलीकडे पारा कधी कधी दहाच्या आसपास येतो, किनाऱ्याला रत्नागिरी-मालवणकडे तेवढा नाही उतरत पण पहाटे सोळा-सतरा तिकडेही होतं. म्हणजे बारा तासांत पंधरा अंशांचा फरक. आणि आपली घरं पावसाळ्यासाठी बांधलेली, कौलांतून वारा खेळता, दाराखाली बोटभर फट, आता त्यात जमिनीवर लादी. दुपारी तुम्ही बघता तेव्हा कासव ठीक दिसतं, पहाटे पाचला कोणी बघत नाही.

म्हणून पहिली तपासणी फुकटची. गजर लावून पहाटे पाचला उठा आणि कासव झोपतं तिथे, त्याच्या शेजारी, जमिनीवर अनवाणी पाय ठेवून दोन मिनिटं उभे रहा. हात त्याच्या कवचावर ठेवा, मग मागच्या पायाच्या खोबणीत बोट घाला. दाराच्या फटीपाशी ओला तळवा धरा, वारा कुठून येतो ते लगेच कळतं. निम्म्या घरांत मला इथेच उत्तर मिळालंय: कासव पडवीच्या दाराला लागून झोपत होतं, कारण दुपारी तिथे ऊन येतं आणि त्याला ती जागा आवडते. दुपारची सगळ्यात उबदार जागा पहाटे सगळ्यात गार निघते. त्याला रात्री उचलून माजघरात, बाहेरच्या भिंतींपासून लांब आणा. दाराखाली जुनी साडी गुंडाळून लावा. बस, एवढ्यानेच दोन घरांत कासव चार दिवसांत खायला लागलं, एक पैसा खर्च न होता.

दुसरी, थर्मामीटर. वायर असलेला डिजिटल घ्या, शे-दोनशे रुपयांत येतो, आणि शक्यतो कमीत कमी-जास्तीत जास्त आकडा लक्षात ठेवणारा घ्या म्हणजे पहाटे उठावं लागणार नाही. तो भिंतीवर लावू नका. हे मी शिकलो ते ढब्बूच्या जिवावर. तिसऱ्या हिवाळ्यात माझा थर्मामीटर देवघराच्या बाजूला खिळ्याला टांगलेला होता, छातीच्या उंचीवर, रोज सकाळी चोवीस दाखवायचा, मी निवांत. एक दिवस सकाळी त्याच्या उजव्या नाकपुडीत साबणाच्या फेसासारखा एक छोटा बुडबुडा दिसला, फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. मी थर्मामीटर खिळ्यावरून काढून त्याच्या पोटाशी लादीवर ठेवला, पाच मिनिटं तिथेच बसून बघत राहिलो, आकडा एकेक अंशाने खाली येत सतरावर थांबला. चोवीस आणि सतरा, एकाच खोलीत, मध्ये चार फूट. पुढे महिनाभर इंजेक्शनं आणि मुंबईच्या दोन खेपा.

तर सेन्सरचं टोक कासवाच्या पाठीच्या उंचीवर आणि एकदा पोटाच्या पातळीवर, जिथे ते झोपतं तिथेच. आकडे लक्षात ठेवायचे ते असे: मोठ्या सुलकाटाला रात्री झोपायच्या जागी सव्वीस-सत्तावीस ठेवा. दिवसा एका कोपऱ्यात उन्हासारखी पस्तीस ते अडतीसची जागा आणि दुसऱ्या टोकाला थोडी गार, म्हणजे त्याला हवं तिकडे जाता येतं. पिल्लाला रात्रीसुद्धा सव्वीसच्या खाली नको. मोठं कासव म्हणजे पातेलंभर चहा, निवायला वेळ लागतो. पिल्लू म्हणजे बशीतला चहा, फूss केलं की गार. एखाद्या रात्री वीसवर गेलं तर मोठं निभावून नेतं, पण गार आणि ओलं एकत्र आलं की छाती भरलीच म्हणून समजा.

तिसरी, जमीन. लादी पोटातली ऊब ओढून घेते, शेणाने सारवलेली जमीन त्या मानाने बरी. लादीवर आधी जाड पुठ्ठा किंवा जुना प्लायचा तुकडा, वर गोणपाट दुहेरी, आणि त्यावर कोरडा पेंढा किंवा सुकं गवत. पेंढा हाताने दाबून बघा, दमट लागला किंवा कुबट वास आला तर टाकून द्या, बुरशी श्वासात जाते. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालाचा, भुसा पिल्लांना चांगला, थोडा ओलसर ठेवला तरी चालतो पण फक्त वर ऊब असेल तर. थर्माकोल उघडा टाकू नका, कासवं तो चावून खातात आणि आतडं बंद होतं. या तीन तपासण्यांत पाचशे रुपयेसुद्धा जात नाहीत, आणि माझ्या हिशोबाने दहातली सहा-सात कासवं इथेच बरी होतात. लोक मात्र उलट करतात, आधी ऑनलाईन महागडा हीटर मागवतात आणि तो त्याच दाराच्या फटीपाशी लावतात.

एवढं करून सव्वीस येत नसेल तरच विजेकडे वळायचं. इथे मी जरा सविस्तर लिहितो कारण रोजचं कामच ते, आणि घोटाळेही इथेच जास्त.

रात्रीसाठी सिरॅमिक हीट एमिटर घेतात, पांढरा किंवा काळा चिनीमातीचा बल्बच्या आकाराचा, उजेड देत नाही, नुसती उष्णता देतो. उजेड नसतो हे चांगलं, कासवाची झोपमोड होत नाही, पण त्यामुळेच तो बंद पडलाय हे कळत नाही. एका ठिकाणी तो महिनाभर मेलेला होता आणि घरचे रोज संध्याकाळी निष्ठेनं बटण दाबत होते. तपासायचं कसं: चालू करून दहा मिनिटांनी एक फूट खाली तळवा धरा, ऊन लागल्यासारखं वाटलं पाहिजे. हात लावू नका, चालू असताना तो दोनशे अंशांच्या वर तापतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ भाजतो.

ऊब लागत नसेल तर हीटर फेकायच्या आधी होल्डर बघा. मेन बंद करून, बरं का, प्लग काढून, हीटर थंड झाल्यावर. आपल्या घरांत पिनचे होल्डर असतात आणि हे हीटर सगळे आट्याचे, त्यामुळे लोक मध्ये प्लॅस्टिकचं कन्व्हर्टर लावतात. ते तापून मऊ होतं, हीटर वाकडा लोंबतो, संपर्क तुटतो, आणि एखाद्या दिवशी तो पेंढ्यात पडतो. प्लॅस्टिक, बॅकेलाईट दोन्ही नकोत, चिनीमातीचा आट्याचा होल्डरच पाहिजे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आणि खारी हवा. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत घर असेल तर होल्डरच्या तळाची पितळी पट्टी दोन पावसाळ्यांत हिरवी पडते, मग हीटर लागतो-विझतो, लागतो-विझतो. बारीक सँडपेपरने घासून पट्टी किंचित वर उचला. वायर जळकी, कडक झालेली दिसली तर घासत बसू नका, होल्डर आणि वायर दोन्ही बदला.

होल्डर ठीक, हीटर तापतोय, तरी कासवाची झोपायची पेटी (ती कशी करायची ते खाली सांगतो) गरम होत नाही? व्होल्टेज बघा. हे फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही पण गावाकडे, ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वाडीत, संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज १८०पर्यंत पडलेलं मी स्वतः मीटरवर बघितलंय. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे २३०ला १०० वॅट देणारा हीटर १८०ला जेमतेम ६१ वॅट देतो. पंखा हळू फिरतो, ट्यूब मिचमिचते ते दिसतं, हीटरचं दिसत नाही. मल्टीमीटर नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून रात्री आठला मोजून घ्या, दुपारी मोजून उपयोग नाही. व्होल्टेज कायम कमी असेल तर त्या हिशोबाने एक पायरी मोठा हीटर घ्या, पण मग ठरलेल्या अंशावर हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट लागतोच, कारण मध्यरात्री वाडी झोपली की व्होल्टेज परत २३०वर येतं आणि तोच हीटर कासवाला भाजून काढतो.

थर्मोस्टॅट असेल तर त्याच्या सेन्सरची वायर कुठे आहे ते बघा. कासव बुलडोझर आहे, काहीही ढकलून देतं. सेन्सर पेटीबाहेर पडला तर त्याला बाहेरची थंडी दिसते आणि हीटर बंदच होत नाही, थेट हीटरखाली आला तर त्याला लगेच गरम वाटून हीटर बंद, कासव गारच. पाठीच्या उंचीवर, हीटरपासून बाजूला, भिंतीला पट्टी मारून घट्ट बसवा आणि वायरवर पाईप चढवा.

खालून गरम करणारी गादी किंवा गरम होणारे दगड विकायला असतात, ते माझ्या घरात कधीच येणार नाहीत. कासवाला ऊन वरून येतं हे ठाऊक असतं, खालचं भाजतंय हे त्याला नीट उमगत नाही, ते तसंच बसून राहतं आणि पोटाकडचं कवच भाजतं. वरूनसुद्धा एकच मोठा हीटर जवळ लावला तर मोठ्या कासवाच्या पाठीचा मधला भाग भाजतो आणि पाय गारच राहतात. दीडशे वॅटचा एक लावण्यापेक्षा साठचे दोन, अंतरावर, कवचापासून निदान फूटभर उंच, भोवती जाळी, आणि वायरवर न टांगता साखळीने टांगलेले.

माझ्याकडे आता जे चालतं ते पेटी. जुन्या प्लायची, चार फूट बाय तीन, उंची अडीच फूट, दोन प्लायच्या मध्ये थर्माकोल दाबून बंद केलेला म्हणजे त्याचं तोंड पोचत नाही, खाली चार इंचांचे पाय म्हणजे लादीचा गारठा लागत नाही, चढायला उतरती फळी. तोंडाला दुकानांत एसीच्या दारात असतात तशा जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या, तो ढकलून आत जातो आणि पट्ट्या मागे पडतात. वर कोपऱ्यात दोन बोटांची भोकं हवेसाठी, ती बुजवू नका. पहिले तीन दिवस मी त्याला संध्याकाळी उचलून आत ठेवला, चौथ्या दिवशी पाच वाजता स्वतःहून फळी चढून गेला. बाहेर बारा अंश असलेल्या रात्री आत सव्वीस राहतं आणि थर्मोस्टॅटमुळे हीटर रात्रभर चालत नाही. १०० वॅट सलग बारा तास चालला तरी सव्वा युनिटच जातं, त्यामुळे बिलाला घाबरून संध्याकाळी बंद करू नका, खरी गरज पहाटे चार ते सातची असते.

लाईट गेली तर? इन्व्हर्टरच्या दीडशे एएचच्या बऱ्या बॅटरीवर शंभर वॅटचा हीटर रात्र काढतो, जुनी असेल तर दोन-तीन तासांत ओरडायला लागते. इन्व्हर्टर नसेल तर पाणचुलीवरचं गरम पाणी दोन लिटरच्या बाटल्यांत भरा, टॉवेलमध्ये गुंडाळा, पेटीत त्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि दोन-अडीच तासांनी बदला. शेगडी किंवा निखारे बंद खोलीत ठेवू नका. कोळशाचा वायू वास न देता माणूसही मारतो, तिथे कासवाचं काय घेऊन बसलात. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती, धूप, डांबरगोळ्या पण नकोत, त्याची छाती नाजूक असते आणि खोकून काढायची सोय देवाने त्याला दिलेली नाही.

ऊब आली की मग खाण्याकडे. आधी एक-दोन दिवस नुसती ऊब. मग सकाळी दहा-अकराला, खळ्यात म्हणजे अंगणात ऊन आल्यावर, पसरट घमेल्यात कोमट पाणी, मनगटाला उबदार लागेल पण चटका नाही इतपत, त्याच्या हनुवटीच्या खाली राहील एवढंच. पंधरा-वीस मिनिटं बसवा. बहुतेक वेळा तो तिथेच पाणी पितो आणि तिथेच शी करतो, साचलेली घाण बाहेर पडते. लघवीतून पांढरं चुन्यासारखं मऊ आलं तर ठीक, वाळूसारखं खरखरीत आलं तर पाणी कमी पडतंय, रोज बसवा. हीटरखाली हवा कोरडी पडते म्हणून पिल्लांना हे विशेष. नंतर कोरडं पुसा, पायांच्या खोबणीतसुद्धा, आणि मगच गवत, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेलं फड्या निवडुंग. भात, पोळी, बिस्कीट नाही. ऊन आपल्याकडे थंडीतही भरपूर असतं, सकाळी नऊ ते अकरा खळ्यात सोडा, सावली आणि पाणी ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन हाडांसाठी उपयोगाचं नाही, हाडांना लागणारे उन्हातले यूव्हीबी किरण काच अडवते. ढगाळ आठवडा असेल किंवा बाहेर सोडायला जागाच नसेल तर यूव्हीबीची ट्यूब लावावी लागते.

आता कुठे थांबायचं. विजेच्या बाबतीत: हीटर लावल्यावर घरातला सेफ्टी स्विच पडत असेल, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, वायरीला जळका वास असेल तर तिथेच थांबा, मेन बंद करा, वायरमन बोलवा. कासव त्या पेटीत मुततं, पाणी सांडतं, आणि आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग बऱ्याचदा नावालाच असतं. गळती पकडणारा ३० मिलीअँपचा आरसीसीबी नसेल तर तो आधी बसवून घ्या आणि मग हीटर लावा. स्विच पडतो म्हणून त्याला बायपास करणारे मी बघितलेत, तसं अजिबात करू नका.

कासवाच्या बाबतीत: वर सांगितलेली बुडबुडे, तोंडाने श्वास, ढिले पाय ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. नुसतं खात नसेल तर पाठीपाशी सव्वीस आणि दिवसा पस्तीसची जागा मिळायला लागल्यापासून मोजा, मोठ्याने पाच दिवसांत आणि पिल्लाने दोन दिवसांत तोंड लावलं नाही तर डॉक्टर. डोळे सुजले, वजन दर आठवड्याला उतरतंय, कवचावर भाजल्याचा डाग किंवा मऊ जागा, तरीही डॉक्टरच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचं वजन दर रविवारी घेऊन कॅलेंडरवर लिहित जा, डोळ्याला न दिसणारं तिथे आधी दिसतं.

घरच्या औषधांना हात लावू नका. माणसांचं कफ सिरप नाही, उरलेली अँटिबायोटिक नाही, हळदीचा लेप नाकाला नाही. छातीचा संसर्ग ऊब देऊन आपोआप जात नाही, ऊब दिली की औषध लागू पडतं एवढंच. आणि हे नीट वाचा: आयव्हरमेक्टिन नावाचं जंतांचं औषध गुरांना, कुत्र्यांना सर्रास देतात, कासवाला ते विष आहे, मरतं. गुरांच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर हे आधी बोला, त्यात त्यांचा अपमान नाही, गाई-म्हशींत आयुष्य गेलेल्या माणसाकडे कासव कधीतरी एखादंच येतं. म्हणून फोन करून विचारा, सरपटणारे प्राणी बघता का. आपल्याकडून बहुतेकांना पुणे, मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं.

प्रवासाची तयारी अशी. पुठ्ठ्याचं खोकं त्याच्यापेक्षा थोडंच मोठं, म्हणजे वळणावर आपटणार नाही, तळाला टॉवेल, दोन बाजूंना गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या, झाकणाला भोकं. गाडीचा एसी बंद, खोकं खिडकीच्या वाऱ्यात नको. घाट पहाटे पार करायचा मोह होतो, पण ऊन वर आल्यावर नऊनंतर निघा. थर्मासमध्ये गरम पाणी जास्तीचं घ्या, बाटल्या वाटेत एकदा बदलाव्या लागतात. मोबाईलमध्ये बुडबुड्यांचा किंवा श्वासाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण गाडीत ऊब मिळाली की डॉक्टरसमोर तो कधी कधी अगदी शहाण्यासारखा चालायला लागतो. आणि रोजचे पहाटेचे आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. मुंबईला डॉक्टरांनी माझ्याकडे पहिला प्रश्न "रात्री किती असतं?" हाच विचारला होता, आणि माझ्याकडे तेव्हा फक्त देवघराच्या भिंतीवरचा आकडा होता.